वरातीच्या घोडीचे पोट आणि आमचा जमाखर्च

आम्ही कापडाचे व्यापारी. घोड्यांच्या धंद्याशी आमचा संबंध एवढाच की, वरातीची घोडी भाड्याने देणारे कित्येक बंधू झुलीसाठी मखमल, जर आणि गोंडे आमच्या दुकानातून नेतात. लग्नसराईच्या आधी माल उधारीवर जातो आणि सराई संपली की हिशेब चुकता होतो. त्यांची घोडी चालली तर आमची उधारी वसूल होते. घोडीच्या पायाखाली नालबंदाची, पाठीवर खोगीर शिवणाऱ्याची आणि अंगावर आमची, अशी तीन-चार घरांची रोजी असते. त्यामुळे घोडीच्या पोटाचा प्रश्न हा व्यापाराच्या पानावरचाच प्रश्न आहे, असे आम्ही मानतो.

हे लिहिण्याचे कारण सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमचे एक जुने गिऱ्हाईक ऐन सराईत खाली मान घालून दुकानात आले. सारंगखेड्याच्या यात्रेतून कर्ज काढून त्यांनी पांढरी घोडी आणली होती. पहिली सराई उत्तम गेली. दुसऱ्या सराईत घोडी चंदी अर्धवट टाकू लागली. गवत खाई, पण दाण्याला तोंड लावून बाजूला होई. तंग आवळायला गेले की मान वळवून चावायला धावे. अंगावरची चकाकी गेली, बरगड्या दिसू लागल्या. कोणी म्हणाले नजर लागली, कोणी गळ्यात काळा दोरा बांधला. कोणी रोज वेदनाशामक इंजेक्शन देण्याचा सल्ला दिला आणि तो मानलाही गेला. त्यानंतर घोडीने खाणे आणखी कमी केले. एका वरातीत नवरदेव पाठीवर असताना ती जागची हलेना. यजमानांनी भाडे दिले नाही आणि चार लोकांत अपमान झाला तो वेगळा. अखेर ती निम्म्या किमतीत विकावी लागली. कर्ज मात्र पूर्ण राहिले.

नव्या मालकाने तिला पुण्याला शर्यतीच्या घोड्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी दुर्बिणीने पोट तपासले तेव्हा आत व्रण निघाले. चार आठवड्यांचे औषध झाले, खाण्याच्या वेळा बदलल्या आणि पुढच्या सराईत तीच घोडी डौलाने वरातीत चालताना आम्ही पाहिली. घोडी तीच, तिचा मुनाफा मात्र दुसऱ्याच्या घरी गेला. आमच्या गिऱ्हाइकाचा दोष आळसाचा नव्हता. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. तेव्हापासून आम्ही पशुवैद्यकांना विचारत गेलो. जे समजले ते येथे मांडत आहोत. कापडवाल्याने हकिमी करू नये हे आम्हाला कळते. रोगाचे निदान आणि औषध डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. पण रोग होऊ न देणे बरेचसे मालकाच्या हातात आहे.

पोटाची रचनाच वेगळी

घोड्याचे शरीर मोठे असले तरी जठर लहान असते. चांगल्या मोठ्या घोड्याच्या जठरात ८ ते १५ लिटर एवढेच मावते. कारण हा प्राणी एकदम पोटभर जेवणारा नाही. मोकळ्या कुरणात सोडला तर तो दिवसरात्र मिळून १६ ते १८ तास थोडे थोडे चरत राहतो. त्याला अनुसरूनच त्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरते. समोर चारा असो वा नसो, आम्ल थांबत नाही.

या आम्लावर उतारा दोन गोष्टींचा. एक म्हणजे लाळ. लाळेत सोड्यासारखे क्षार असतात, ते आम्ल मारतात. पण घोड्याची लाळ चावताना सुटते, तोंड बंद तर लाळही बंद. दुसरा उतारा म्हणजे पोटात पसरलेला चाऱ्याचा थर. तो आम्ल शोषून घेतो आणि वर उसळू देत नाही. घोडा उपाशी राहिला की हे दोन्ही उतारे एकाच वेळी जातात आणि आम्ल एकटे उरते.

आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. घोड्याच्या जठराचे दोन भाग असतात. खालच्या भागात आम्ल तयार होते आणि त्या भागाला चिकट अस्तराचे संरक्षण असते. वरच्या सुमारे एक तृतीयांश भागाला असे संरक्षण नाही. घोडा धावू लागला की पोटावर दाब येतो आणि खालचे आम्ल वर उसळते. पोटात चारा असेल तर ते अडते. पोट रिकामे असेल तर ते थेट नाजूक कातडीवर जाते आणि तेथे व्रण पडतो. यालाच डॉक्टर घोड्यांचा अल्सर म्हणतात. शर्यतीसाठी तयार होणाऱ्या घोड्यांची पाहणी झाली तेव्हा दहातील आठ-नऊ घोड्यांच्या पोटात असे व्रण आढळले. राजेशाही तबेल्यात राहणाऱ्या, डॉक्टरांच्या नजरेखाली असणाऱ्या जनावरांची ही गत आहे.

रोजा माणसाचा, घोड्याचा नव्हे

या विषयावर बोलताना एका घोडेवाल्या बंधूंनी आम्हाला विचारले, ‘आम्ही रमजानमध्ये तेरा-चौदा तास काही खात नाही, पाणी पीत नाही, तरी कामधंदा करतो. घोडी सहा तास उपाशी राहिली तर काय बिघडले?’ प्रश्न साधा आहे आणि प्रामाणिकही आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

माणसाच्या पोटातील आम्ल मुख्यतः जेवणाच्या वेळी वाढते आणि एरवी कमी असते. आपले पोट दोन-तीन जेवणांसाठी बनले आहे. घोड्याचे पोट सतत चरण्यासाठी बनले आहे. ज्याने दोघांना निर्माण केले त्यानेच दोघांची रचना निराळी ठेवली. रोजा समजून-उमजून, नियत करून धरणाऱ्या माणसावर फर्ज आहे. बेजुबान जनावरावर तो कोणी लादलेला नाही. आपल्या सोयीसाठी आपण त्याला उपाशी ठेवतो तेव्हा ती इबादत नसते, ती हक्कतलफी असते.

माणसाच्या अल्सरचा दाखला दुसऱ्या बाबतीतही चालत नाही. माणसाच्या पुष्कळशा अल्सरमागे एक जंतू असतो. हे शोधून काढणारे ऑस्ट्रेलियाचे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामुळे माणसाला जंतुनाशक औषध देतात. घोड्यांत मात्र हा जंतू अल्सरचे कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही. म्हणून घरातल्या माणसाची चिठ्ठी घेऊन घोडीला औषध आणणे हा शहाणपणा नाही.

वरातीची घोडी उपाशी का राहते

पूर्वी टांग्याचा घोडा गरीब असला तरी त्याच्यापुढे अड्ड्यावर गवताची पेंढी पडलेली असे. सवारी मिळेपर्यंत तो खात उभा राही. टांगे बहुतेक शहरांतून गेले. मुंबईच्या घोडागाड्याही २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. आज आपल्या बंधूंच्या हाती राहिलेला घोड्यांचा धंदा म्हणजे वरात, आणि माथेरान-महाबळेश्वरसारख्या ठिकाणी पर्यटकांची सवारी.

वरातीच्या घोडीचा दिवस पाहा. दुपारी चारला तिला धुऊन, सजवून, तोंडाला लगाम चढवतात. लगाम चढला की खाणे बंद. काही घोडेवाले तर मुद्दाम दुपारपासून चारा तोडतात, कारण वरातीत घोडीने लीद टाकली तर यजमान नाराज होतात. मग टेम्पोतून प्रवास, मंडपाबाहेर तास-दोन तास उभे राहणे, कानाशी बँड आणि फटाके, नाचणारी गर्दी. एक वरात संपली की दुसऱ्या गल्लीत दुसरी. घरी येईपर्यंत मध्यरात्र होते. तेव्हा मालकाला दया येते आणि तो भुकेल्या घोडीपुढे एकदम दोन-तीन किलो चंदी ओततो. आठ तासांचा उपवास आणि वर दाण्याचा डोंगर, या दोन्ही गोष्टी पोटाच्या वैरी आहेत.

डेन्मार्कमध्ये २०१ घोड्यांचा अभ्यास करून २००९ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते जणू आपल्या तबेल्यांकडे पाहूनच लिहिले आहेत. चाऱ्याच्या दोन वेळांत सहा तासांपेक्षा जास्त अंतर, दाण्यातून जाणारे जादा पिष्ट, गवताऐवजी केवळ वाळलेले काड आणि बाहेर सोडलेल्या जागी पाण्याची सोय नसणे, या चार गोष्टी असतील तेथे अल्सरचा धोका वाढलेला दिसला. या चारपैकी एकही गोष्ट दूर करायला मोठे भांडवल लागत नाही.

कसे ओळखावे

अल्सरची ठळक अशी एकच खूण नाही. चंदी टाकणे, हळूहळू वाळणे, केस रुक्ष होणे, तंग आवळताना चावणे किंवा लाथ मारणे, खाल्ल्यावर पोटाकडे वळून पाहणे, वारंवार हलकी पोटदुखी, कामाला नाखूष होणे, स्वभाव चिडका होणे, यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर संशय घ्यावा. जंत आणि दातांचे विकार यांतही काही लक्षणे अशीच असतात, म्हणून आधी ती तपासणी करून घ्यावी. खात्री करायची तर सुमारे तीन मीटर लांबीची दुर्बीण नाकातून जठरापर्यंत उतरवून पाहावे लागते. ही सोय मोठ्या शहरांत, शर्यतीच्या घोड्यांवर उपचार होतात अशा ठिकाणी मिळण्याचा संभव आहे.

एक सावधगिरी मात्र सर्वांनी बाळगावी. घोडी लोळू लागली, घामाने भिजली, पुन्हा पुन्हा पोटावर लाथा मारू लागली किंवा लीद बंद झाली तर तो अल्सरचा वाट पाहण्याजोगा मामला नव्हे. तो पोटशूळ आहे. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे जठर फुगून फुटण्याचाही धोका असतो. अशा वेळी घरगुती काढे पाजू नयेत. त्याच घटकेला डॉक्टरांना बोलवावे.

उपचार कसा होतो

अल्सरवर मुख्य औषध ओमेप्रॅझोल. हे आम्लाचे पाझरणे कमी करते आणि व्रण भरायला उसंत देते. अमेरिकेत १९९९ साली खास घोड्यांसाठी त्याची पेस्ट मंजूर झाली. पेस्टचे नेहमीचे प्रमाण वजनाच्या किलोमागे ४ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, २८ दिवस. हे सकाळी पोट रिकामे असताना द्यायचे असते आणि अर्ध्या-पाऊण तासाने चारा घालायचा असतो.

येथे आमच्यातला हिशेबी माणूस जागा होतो. ३०० किलोच्या घोडीला या प्रमाणाने दिवसाला १,२०० मिलिग्रॅम औषध लागेल. माणसांसाठीची २० मिलिग्रॅमची कॅप्सूल धरली तर रोजच्या ६० कॅप्सूल झाल्या, २८ दिवसांच्या १,६८०. शिवाय कॅप्सूल फोडून आतले दाणे कुटून पाण्यात कालवले तर वरचे संरक्षक आवरण जाते आणि जठरातले आम्लच औषधाचा नाश करते. म्हणजे पैसा गेला आणि गुणही आला नाही. औषधाच्या प्रकाराप्रमाणे मात्रा बदलते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये आणि सुरू केलेले औषध मध्येच तोडू नये.

जठराच्या खालच्या भागातील व्रण हे निराळे प्रकरण आहे. ते बरे व्हायला जास्त वेळ घेतात आणि त्यासाठी डॉक्टर सुक्राल्फेट हे औषधही जोडतात. या प्रकारात विश्रांतीला फार महत्त्व आहे. आठवड्यातून पाच किंवा अधिक दिवस काम करणाऱ्या घोड्यांत तो जास्त आढळतो. खाण्याचा सोडा किंवा आम्लनाशक चूर्ण यांचा परिणाम थोड्या वेळापुरता असतो, त्याने व्रण भरत नाही. लंगडणाऱ्या घोड्याला लोक सर्रास फेनिलब्युटाझोन देतात. असली वेदनाशामके जास्त मात्रेत किंवा जास्त दिवस दिली तर स्वतःच जठराला इजा करतात. आमच्या गिऱ्हाइकाच्या घोडीला दिलेली इंजेक्शने कोणती होती ते त्यांनाही ठाऊक नव्हते, आणि खरी चूक तीच होती.

बिनखर्चाचे वेळापत्रक

आता मुद्द्याचे बोलतो. ३०० किलोच्या घोडीला रोज किमान साडेचार किलो सुका चारा पोटात गेला पाहिजे, सहा किलो गेला तर उत्तम. तो एकदम न घालता दिवसभरात चार-पाच वेळा विभागून घालावा. बारीक जाळीच्या पिशवीत भरून टांगला तर घोडी हळूहळू खाते आणि नासाडीही होत नाही. रात्रीचा चारा सर्वांत भरपूर असावा, कारण रात्र लांब असते.

दाण्याच्या बाबतीत नियम असा की, एका वेळी वजनाच्या किलोमागे एक ग्रॅमपेक्षा जास्त पिष्ट जाऊ नये आणि दिवसभरात दोन ग्रॅमपेक्षा जास्त जाऊ नये. मका किंवा बाजरी असेल तर ३०० किलोच्या घोडीला एका वेळी चारशे ग्रॅमच्या आसपास, एवढाच त्याचा अर्थ. हरभऱ्यात पिष्ट त्याहून कमी असते. आधी गवत, मग चंदी, हा क्रम कधी मोडू नये. रोजच्या चाऱ्यात थोडी लसूणघास असावी. तिच्यातील कॅल्शियम व प्रथिने आम्ल शोषतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात साध्या गवतापेक्षा लसूणघास खाणाऱ्या घोड्यांच्या जठरात आम्ल सौम्य आणि व्रण कमी आढळले. मात्र सगळा चारा लसूणघासाचा करू नये, आणि कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा.

वरातीच्या दिवशी सजवण्यापूर्वी तासभर चारा पुढे असावा. लगाम चढवण्याच्या आधी दोन मुठी लसूणघास द्यावी. एवढ्याने घोडी जड होत नाही आणि पोटात चाऱ्याचा थर तयार होतो. टेम्पोत जाळीची पिशवी आणि पाण्याची बादली असावी. दोन वरातींच्या मध्ये लगाम उतरवून वीस मिनिटे खाऊ द्यावे. राहिला लिदेचा प्रश्न. त्याला उपाशी ठेवणे हा उपाय नाही. साईसाच्या हाती एक टोपली आणि झाडू असला की काम भागते.

थोडे यजमानांसाठीही

हा सल्ला केवळ घोडेवाल्यांना देऊन आम्ही मोकळे होणार नाही. वरातीला तासभर उशीर करणारे, घोडीच्या कानाशी फटाके लावणारे आणि भाड्यात घासाघीस करणारे आपणच असतो. घोडी ठरवताना तासांची मर्यादा आणि मधली वीस मिनिटे चिठ्ठीवर लिहून घ्यावीत. ज्या गावात आठ-दहा घोडेवाले आहेत तेथे त्यांनी एकत्र बसून हा नियम करावा. एकाने नियम पाळला आणि दुसऱ्याने मोडला तर पाळणाऱ्याचे गिऱ्हाईक जाते. सर्वांनी पाळला तर कोणाचेच जात नाही. चारा एकत्र घाऊक भावात घ्यावा आणि सराईपूर्वी वर्गणी काढून डॉक्टरांची एक फेरी ठरवावी. कापडबाजारात सूत एकत्र घेऊन आम्ही जे मिळवतो, ते चाराबाजारात तुम्हाला का मिळू नये?

सूरह आदियातची सुरुवात धावणाऱ्या घोड्यांच्या शपथेने होते, हे आपण लहानपणापासून जाणतो. मदीनेतील एका बागेत पैगंबर मुहम्मद (स.) यांना पाहून एक उंट रडू लागला आणि त्यांनी मालकाला बोलावून जाब विचारला, कारण तो त्याला उपाशी ठेवून राबवत होता, ही रिवायतही अनेकांनी ऐकली आहे. त्या उंटाची तक्रार ऐकणारे त्या दिवशी तेथे होते. आपल्या घोडीची तक्रार आपणच ऐकायची आहे. ती टाकलेल्या चंदीतून आणि तंग आवळताना वळलेल्या मानेतून बोलत असते.

आमचे ते गिऱ्हाईक आता पुन्हा एका छोट्या घोडीवर धंदा करतात. मागच्या महिन्यात झुलीचे कापड घ्यायला आले, तेव्हा त्यांनी आणखी एक वस्तू मागितली. जाड सुती जाळी, चाऱ्याची पिशवी शिवण्यासाठी. आम्ही ती दिली आणि तिचे पैसे घेतले नाहीत. येत्या सराईपूर्वी जो घोडेवाला बंधू आमच्या दुकानात येईल, त्यालाही हीच जाळी याच भावात मिळेल.